सायकलवरून कर्जत-खालापूर

सहलीचा विषय निघाला की आपल्या वस्त्यांमध्ये पहिला प्रश्न येतो गाडीभाड्याचा. बस ठरवायची तर माणशी वर्गणी किती, लहान मुलांची अर्धी धरायची की पूर्ण, जेवण घरचे की तिकडचे, या हिशेबातच रविवार निघून जातो आणि सहल पुढच्या वर्षावर जाते. म्हणून या वेळी कुटुंबाच्या पानावर आम्ही अशा सहलीची माहिती देत आहोत, जिला बस लागत नाही, पेट्रोल लागत नाही आणि पुढाऱ्याची देणगीही लागत नाही. लागते फक्त घरातली सायकल, पायात थोडे बळ आणि पहाटे उठण्याची तयारी.

सायकल आपल्या घरांना नवी नाही. गिरणीची पहिली पाळी गाठणारे आपले वडील, रेल्वेच्या वर्कशॉपमधले काका, नगरपालिकेच्या कामावर जाणारे शेजारी, हे सारे काळ्या चोवीस इंची सायकलवरच संसार ओढत होते. पुढच्या दांडीवर मूल, मागच्या कॅरिअरवर बायको आणि हँडलला डबा, अशी तिची मिरवणूक असे. दाराशी मोटारसायकल आली तशी सायकल अडगळीत गेली. ती म्हणजे गरिबीची खूण, असे आपल्यालाच वाटू लागले. आता गंमत अशी की, रविवारी कर्जतच्या रस्त्यावर उभे राहिले तर डोक्यावर शिरस्त्राण, अंगात चटक रंगाचे कपडे आणि खाली पन्नास-पन्नास हजारांची सायकल, अशा मुंबई-पुण्याच्या लोकांचे थवे दिसतात. ते पाहून आपल्या मुलांना वाटते, हा श्रीमंतांचा खेळ आहे. तसे मुळीच नाही. रस्ता, डोंगर आणि तळे सायकलची किंमत विचारत नाहीत.

प्रदेश कसा आहे

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातले समुद्रापासून आत असलेले दोन तालुके. पूर्वेला सह्याद्रीची उभी भिंत, दुसऱ्या बाजूला माथेरानचा लांबलचक डोंगर आणि मध्ये भाताची खाचरे. कर्जतकडचे पाणी उल्हास नदी घेते आणि कल्याणकडे नेते. खोपोलीकडचे पाणी पाताळगंगा घेते आणि धरमतरच्या खाडीत सोडते. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांवर जागोजाग बंधारे आणि धरणे आहेत. म्हणून इथला रस्ता सारखा चढतो, उतरतो आणि वळणावर अचानक पाणी दाखवतो. चढ छातीवर येण्याइतके मोठे नाहीत, पण अगदी सपाटही नाहीत. गिअर नसलेल्या सायकलवाल्याने दोन-चार ठिकाणी खाली उतरून सायकल हाताने चालवावी. त्यात कमीपणा काही नाही.

इथे येणेही सोपे आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत सुमारे शंभर किलोमीटर, खोपोली आणखी पंधरा. कल्याणच्या पुढे या बाजूची आगगाडी थेट खोपोलीपर्यंत १८५६ साली आली, म्हणजे मुंबई-ठाणे गाडी सुरू झाल्यावर अवघ्या तीन वर्षांत. लोकलच्या मालडब्यातून सायकल आणणारे पुष्कळ लोक आहेत. मात्र गर्दीची वेळ टाळावी आणि सामानाच्या तिकिटाची चौकशी स्टेशनात आधी करून घ्यावी. कर्जत, नेरळ, बदलापूर, खोपोली येथे राहणाऱ्या कुटुंबांना तर तेवढीही खटपट नाही.

पहिली वाट : कर्जत ते कोंदिवडे

नवशिक्यांनी सुरुवात या वाटेने करावी. कर्जतपासून कोंदिवडे गाव चौदा-पंधरा किलोमीटर आहे. रस्ता उल्हास नदीच्या संगतीने राजमाचीच्या पायथ्याकडे जातो. गावात सायकली कोणाच्या तरी अंगणात विचारून लावाव्यात आणि पुढे पायी चढावे. तासाभरात कोंढाणे लेणी येतात.

ही लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराची मानतात. एक चैत्यगृह, त्याशेजारी विहार आणि भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या. चैत्याची दर्शनी कमान पाहिली की लाकडी इमारत दगडात उतरवली आहे हे लगेच कळते. तुळया, कडीपाट, जाळ्या, सारे सुतारकाम, पण कातळातले. चैत्यातले बरेच खांब मात्र आज तुटलेले आहेत.

मुलांना एक गोष्ट तिथे जरूर दाखवावी. दर्शनी भागात एका भग्न मूर्तीच्या शिराजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कान्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा तिचा अर्थ आहे. राजाचे नाव नाही, सावकाराचे नाव नाही, तर घडवणाऱ्याचे नाव आणि त्याला ज्याने शिकवले त्याचे नाव. दोन हजार वर्षे ऊनपाऊस खाऊन हे नाव टिकले आहे. हातात छिन्नी, करवत किंवा थापी घेऊन पोट भरणाऱ्या माणसाने आपल्या मुलाला ती ओळ बोटाने दाखवावी, यासारखा दुसरा धडा नाही.

लेणी या रानात का कोरली, असाही प्रश्न मुले विचारतात. त्याचे उत्तर रस्त्यातच आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून घाटावर जाणारा माल बोरघाटाच्या परिसरातल्या वाटांनी वर चढत असे. वर कार्ले, भाजे आणि खाली कोंढाणे, ही सारी त्या वाटांच्या आसपासची ठिकाणे. व्यापाऱ्यांचे तांडे येत-जात, भिक्खू चारिका करीत आणि पावसाळ्यात वर्षावासाला एका जागी थांबत. म्हणजे रस्ता होता म्हणून लेणी झाली. ज्या दिशेने ते पायी गेले त्याच दिशेने आपण सायकलने जातो.

याच खोऱ्यात उल्हासवर धरण बांधण्याचा कोंढाणे प्रकल्प बरीच वर्षे वादात राहिला आहे. या वाटेवरच्या गावकऱ्यांशी बोलताना तो विषय निघतोच. ऐकून घ्यावे. शहरातल्या माणसाला पाणी नळातून येते एवढेच माहीत असते. ते कोणाच्या शेतावरून येते हे इथे कळते.

दुसरी वाट : कशेळे, जांबरुंग, आंबिवली

ही वाट लांब आहे. कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याने कशेळे गाठायचे आणि तिथून डोंगराच्या दिशेने वळायचे. एका अंगाला जांबरुंगजवळ सोलनपाड्याचा बंधारा, दुसऱ्या अंगाला आंबिवली आणि कोथळीगडाच्या पायथ्याची गावे. जाऊन-येऊन साठ किलोमीटरच्या घरात जाते. ज्यांना तीस-चाळीस किलोमीटरची सवय आहे त्यांनीच धरावी.

वाटेत पेज नदी लागते. भर मे महिन्यातही या नदीला पाणी असते. आजूबाजूचे ओढे आटलेले आणि हिलाच पाणी कसे? कारण सह्याद्रीच्या माथ्यावर मावळात ठोकरवाडीचा तलाव आहे. त्याचे पाणी लोखंडी नळांतून डोंगराच्या पोटाशी भिवपुरीच्या वीजगृहात सोडतात. त्या जोरावर जनित्रे फिरतात आणि वीज तयार झाली की पाणी खाली पेजेत येते. हे टाटांचे वीजगृह १९२२ च्या सुमाराचे. भिवपुरी रोड स्टेशन आणि हे वीजगृह एका जागी नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवावे, नाहीतर स्टेशनावर उतरून शोधत बसाल. पेजेचे पाणी राजनाला कालव्याने भातशेतीला जाते, म्हणून कर्जतच्या काही गावांत उन्हाळ्यातही हिरवी खाचरे दिसतात. उरलेले उल्हासला मिळते आणि बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण या शहरांच्या नळाला जाते. घाटावर पडलेला पाऊस कोकणात येऊन कल्याणच्या चाळीत हंडा भरतो, हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा सायकलवरून चांगले समजते.

आंबिवलीचे लेणे चिल्हार नदीच्या काठी ठेंगण्या टेकडीत आहे. चढ नाही, दमछाक नाही. मध्ये चौकोनी मंडप, तिन्ही बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या आणि भिंतीच्या कडेने बसायला दगडी बाक. बाहेर ओसरीत खांब आहेत. नदी दारातूनच वाहते. दुपारच्या भाकरीला याहून चांगली जागा या तालुक्यात आम्ही पाहिली नाही. जेवण मात्र बाहेर नदीकाठी करावे, आत नाही. खरकटे आणि प्लास्टिक पिशवीत भरून परत आणावे. दगडावर नाव लिहिण्याचा हक्क फक्त ते घडवणाऱ्याला आहे.

या रानाची आणखी एक ओळख मुलांना द्यावी. माथेरानला १९१२ साली एका नाभिक कुटुंबात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल वकील झाले, पण कोर्टात रमले नाहीत. सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, खेड्यापाड्यांत शाळा सुरू केल्या. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने या भागातले विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील शहीद झाले. तारा आजही या खोऱ्यातून जातात. त्या दिसल्या की ही हकिकत सांगावी.

डोळ्यांना पाणी

इथे एक अनुभव लिहिणे भाग आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही सात जण या भागातल्या एका तलावाच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकरवाडीजवळ थांबलो होतो. आमच्याजवळचे पाणी संपले होते. करवंदे विकायला बसलेल्या एका बाईंना आम्ही विचारले, “मावशी, प्यायला पाणी कुठे मिळेल?” त्यांनी खाली लखलखणाऱ्या तलावाकडे बोट केले आणि म्हणाल्या, “दादा, पानी डोळ्यांना दिसतंय, हंड्याला नाय.” वाडीची विहीर आटली होती. टँकर येईल तेव्हा येईल. तरी त्यांनी आपल्या कळशीतले तांब्याभर पाणी आमच्यातल्या मुलीला दिले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. आम्ही करवंदांचे दोन वाटे जास्त घेतले, पण त्याने हिशेब फिटला असे कोणी समजू नये.

आपला जिल्हा पूर्वी कुलाबा म्हणून ओळखला जाई. याच जिल्ह्यात महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तेव्हा तळ्यापाशी जाण्याला जातीची बंदी होती. आज तळ्यापाशी जायला कोणाला बंदी नाही, पण पाणी तिथून वर वाडीला येण्यासाठी लागणारा नळ आणि पंप नाही. माणसे तहानलेली राहतात ती राहतातच. आपण तिथे सहलीला जातो तेव्हा पाण्याचा फोटो काढून परत येणे पुरेसे नाही. आम्ही परत आल्यावर वाडीतल्या दोन तरुणांना ग्रामपंचायतीत आणि तालुक्याला द्यायचा अर्ज लिहून दिला. आम्ही पेशाने कारकून, अर्ज लिहिणे एवढे तरी आपल्याला येते. ज्याला जे येते ते त्याने करावे.

तिसरी वाट : कर्जत ते चौक, मोरबे धरणाच्या कडेने

कर्जतहून चौकचा रस्ता पंधरा-सोळा किलोमीटरचा. बोरगाव फाट्याच्या आसपास सोंडाई किल्ल्याची टेकडी दिसते. तिच्यावर चढले तर मोरबे धरणाचा सगळा पसारा नजरेत येतो. धावरी नदीवरचे हे धरण महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून नवी मुंबई महानगरपालिकेने घेतले. त्याची साठवण १९० दशलक्ष घनमीटरच्या वर आहे. इथले पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन वाशी, नेरूळ, बेलापूरच्या घरांत जाते. नवी मुंबईत आपली पुष्कळ कुटुंबे राहतात. ज्या धरणाचे पाणी आपण रोज पितो ते एकदा पाहावे. या पाण्याखाली ज्यांची शेते गेली त्या कुटुंबांनी पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली, हेही मुलांना सांगावे. धरणाच्या भिंतीवर जाण्याचा हट्ट धरू नये. तिथे पहारा असतो आणि तो असायलाच हवा.

चौक हे नेताजी पालकरांचे गाव. मागे इर्शाळगडाचा सुळका उभा आहे. या सुळक्याकडे पाहून पुढे निघून जाणे आम्हाला जमत नाही. त्याच्या अंगाखांद्यावर इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात डोंगराचा कडा वाडीवर कोसळला. माणसे झोपेत गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ताच राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीला गाडीचा रस्ता नव्हता. मदत करणाऱ्यांना चिखलातून, पावसातून पायी वर चढावे लागले, यंत्रे वर नेता आली नाहीत, हातांनी माती उपसावी लागली. पुढे वाचलेल्यांसाठी चौकजवळ नानिवलीला कायमची घरे बांधण्यात आली.

आपण हौसेने रस्ता शोधत या डोंगरात येतो. इथल्या कितीतरी वाड्यांना मात्र दवाखान्याला जायला, शाळेला जायला, जीव वाचवायलाही रस्ता नसतो. सहलीच्या लेखात हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या मुलुखात आपण जातो तिथली माणसे कशी राहतात हे न पाहता परत यायचे असेल, तर मग घरच्या भिंतीवरचे कॅलेंडर काय वाईट? चौकात पोहोचल्यावर दोन मिनिटे सायकली उभ्या करून सुळक्याकडे तोंड करून आम्ही शांत उभे राहतो. तुम्हीही राहावे. मात्र वाडीच्या जागी पाहुणे म्हणून जाऊ नये. ती पाहण्याची जागा नव्हे.

चौकहून पुढे जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खालापूर आणि खोपोली गाठता येते. या रस्त्यावर मालमोटारी फार. डाव्या कडेने एकामागे एक चालवावे. द्रुतगती महामार्ग मात्र सायकलला पूर्ण बंद आहे, मोटारसायकललाही. तिथे चुकूनही शिरू नये.

चौथी वाट : पळसदरी, खोपोली आणि घाटाचा पायथा

कर्जतहून पळसदरीचे तळे अगदी जवळ. सकाळी कोवळ्या उन्हात पाण्यावर धुके असते आणि मागे घाट चढणाऱ्या आगगाडीची शिट्टी ऐकू येते. तिथून केळवली, डोळवली, लौजी अशी खोपोली लोकलची स्टेशने ओळीने लागतात. ती संगतीला असल्याने थकलेल्याला गाडीने परत जाता येते. म्हणून लहान मुले बरोबर असतील तर ही वाट चांगली.

खोपोलीला नाना फडणवीसांच्या काळातले मोठे तळे आणि त्याच्या काठी महादेवाचे देऊळ आहे. त्याहून आम्हाला मोलाचे वाटते ते टाटांचे १९१५ साली सुरू झालेले वीजगृह. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी डोंगरावरून नळांनी इथे उतरते. मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावरून विजेवर गेल्या त्या या पाण्याच्या जोरावर. गिरणगावात ज्यांच्या आज्या-आजोबांनी साच्यावर आयुष्य काढले, त्यांच्या साच्याला फिरवणारे पाणी या डोंगरातून येत होते. तेच पाणी पुढे पाताळगंगेत जाते आणि कारखान्यांना व गावांना पुरते.

खोपोलीच्या वर बोरघाट. हा चढ गिअरच्या सायकलवाल्यांनी आणि तालीम असलेल्यांनीच करावा. मुंबई-पुणे सायकल शर्यत याच घाटातून जाते. जो स्पर्धक घाट सर्वांत आधी चढतो त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. आम्ही त्यातले नव्हे. आम्ही फक्त मान वर करून पाहिले. पण हा घाट पाहताना खऱ्या घाटाच्या राजांची आठवण ठेवावी. १८५६ ते १८६३ या काळात इथला लोहमार्ग बांधला गेला. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते. कॉलरा, ताप, सुरुंग आणि दरडी यांनी त्यांतले हजारो मेले. पंचवीस बोगदे त्यांनी फोडले. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. जुन्या रस्त्यावर घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा धनगर तो हाच आणि वाट कळल्यावर त्यांनी त्यालाच मारले, असे लोक सांगतात. ही दंतकथा असेल. पण वाट दाखवणारा एक आणि नाव होणार दुसऱ्याचे, हे लोकांनी अनुभवावरूनच सांगितले असणार.

माणूस माणसाला ओढतो तेव्हा

या वाटांवरून माथेरानचा डोंगर पुन्हा पुन्हा दिसतो. वर मोटारींना बंदी आहे आणि म्हणून तिथे कित्येक पिढ्या माणसांनी माणसांना हातरिक्षातून ओढले. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा माणसाच्या प्रतिष्ठेविरुद्ध असल्याचे सांगून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. हातरिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांची रोजी टिकवावी, असेही त्यात आहे. आम्हाला या निकालाने आनंद झाला तो दुहेरी. सायकलवर बसलेला माणूस आपले ओझे आपल्याच पायांनी वाहतो, दुसऱ्याच्या पाठीवर टाकत नाही. म्हणूनही आम्हाला हे वाहन आवडते.

मुलींना मागे ठेवू नका

आता एक स्पष्ट बोलतो. सायकल सहल ठरली की मुलांची नावे भराभर येतात आणि मुलीच्या नावापाशी घर अडते. “एवढ्या लांब?”, “लोक काय म्हणतील?”, “पडली-बिडली तर?” आमच्याही घरात हे बोलणे झाले. आई म्हणाली, पुढच्या वर्षी पाहू. दहावीतल्या मुलीने विचारले, “दादा मागच्या वर्षी पडला, त्याला कुठे थांबवलंत?” याला उत्तर नव्हते. ती आली आणि कोंदिवड्याच्या शेवटच्या चढावर आमच्या पुढे निघून गेली.

तामिळनाडूत पुदुक्कोट्टै नावाचा कोरडवाहू, गरीब जिल्हा आहे. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत तिथे साक्षरता मोहीम झाली तेव्हा अक्षराबरोबर सायकलही शिकवली गेली. शेतमजूर बाया, दगडखाणीत राबणाऱ्या बाया, आरोग्यसेविका, अशा हजारो जणी सायकल शिकल्या. बससाठी तिष्ठणे संपले, बाजाराला माल स्वतः नेता येऊ लागला, नवऱ्याची किंवा भावाची वाट पाहणे गेले. आपल्याकडच्या मुली तर शिकलेल्या आहेत. त्यांना फक्त घराचा उंबरा ओलांडू द्यायचा आहे.

भीती आहे ती खरी मोटारींची. हॉलंडमध्ये १९७० नंतरच्या दशकात रस्त्यावर फार मुले मरू लागली, तेव्हा आईबापांनी चळवळ केली आणि सरकारला सायकलसाठी वेगळे रस्ते बांधायला लावले. तो देश सायकलचा झाला तो नुसत्या हौसेने नव्हे, मागणी केल्याने. कर्जत-खालापुरात रस्ते रुंद होत आहेत, सुटीच्या घरांच्या वसाहती वाढत आहेत, गाड्या वाढत आहेत. शाळेला सायकलने जाणाऱ्या मुलामुलींसाठी रस्त्याच्या कडेला पुरेशी जागा सोडावी, ही मागणी आपल्या मंडळांनी ग्रामसभेत आणि नगरपालिकेत मांडावी. तिला खर्च थोडा आहे.

तयारी

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात डोंगर हिरवा असतो खरा, पण दरवर्षी या भागातल्या धबधब्यांत आणि धरणांत तरुण मुले बुडतात आणि प्रशासनाला बंदी आदेश काढावे लागतात. पाण्यात उतरण्याची पैज लावणाऱ्याला सहलीत घेऊच नये. दारू पिणाऱ्यालाही नाही.

आदल्या दिवशी ब्रेकची रबरे, चेन आणि हवा पाहून घ्यावी. पंप, पाने, पंक्चरची रबरपट्टी आणि सोल्युशन गटात एक संच पुरे. गावातून पुढे दुकान मिळेलच असे नाही. शिरस्त्राण घालावे. प्रत्येकाने दोन बाटल्या पाणी, भाकरी, सुकी चटणी, उकडलेली अंडी, गूळ आणि शेंगदाणे घ्यावेत. चहाचे पैसे गावातल्या टपरीवर खर्च करावेत, कारण पाहुणा आला तर गावाला काही मिळाले पाहिजे. सर्वांत हळू चालवणाऱ्याला पुढे ठेवावे आणि अनुभवी माणसाने शेवटी राहावे, म्हणजे कोणी मागे सुटत नाही. पहाटे निघावे आणि अंधारापूर्वी परतावे.

प्रत्येक मुलाच्या खिशात एक छोटी वही द्यावी. किती किलोमीटर झाले, कोणती नदी ओलांडली, कोणाशी बोललो, काय नवे कळले, हे त्याने रात्री लिहावे. आमच्या मंडळात अशा वह्या जमा करून एका रविवारी सगळ्यांसमोर वाचतात. त्यातली एक ओळ नववीतल्या मुलाची आहे : “मला वाटत होते की वीज बटनात असते.” एवढे त्याला कळले, सहल वसूल झाली.

तेव्हा वाचकहो, अडगळीतली सायकल बाहेर काढा. धूळ झटका, चेनला तेल घाला, शेजारच्या दोन घरांना विचारा आणि पहिल्याच रविवारी कोंदिवड्याचा रस्ता धरा. बलकाचे नाव तिथे वाट पाहत आहे.